बोटभर कापलेली पायली

झाडं अजून बोलत असत, तेव्हाची गोष्ट. रैनाबाई दर उन्हाळ्यात मोहाच्या झाडाखालचा पाला जाळून जागा मोकळी करायची, फुलं वेचायची आणि लाकडी पायलीने मोजायची. पायलीचा काठ चिरला की तेवढा बोटभर कापून टाकायची.

“यंदाही वीसच भरल्या हो, दादा,” पायली कौतुकाने मोहाला सांगायची. “तुम्ही काही थकला नाहीत.” मोह नुसता हसायचा.

एकदा खार म्हणाली, “पायलीबाई, माझी आई तुझ्यात पडली होती, तेव्हा तिला बाहेर निघता येईना. मी तर बाहेर उभी राहूनच तुझ्यातली फुलं खाते.”

“म्हणजे मी बुटकी होत गेले!” पायली चरकली. मग तिने विचारलं, “दादा, म्हणजे फुलं घटत होती. तुम्हाला ठाऊक होतं?”

“दरसाल मुळं भाजतात, मला नाही कळणार? पण तू इतक्या आनंदाने वीस म्हणायचीस, तुझं मन मोडवेना गं.”

काठ पुन्हा चिरला. रैनाबाईने करवत उचलली, तशी पायली म्हणाली, “थांब बाई. आताच्या वीस म्हणजे तू लग्न होऊन आलीस तेव्हाच्या दहाच.”

रैनाबाई मोहाच्या काळ्या पडलेल्या बुंध्याकडे बघत राहिली. तिने करवत ठेवली आणि चिरेत लाख भरली.

पुढच्या उन्हाळ्यात ती आली, ती खराटा घेऊन; पाला जाळला नाही, झाडून काढला.

“दादा, यंदा एकोणीसच, पण खऱ्या,” पायली हळूच म्हणाली.

मोहाला कितीतरी वर्षांनी हायसं वाटलं.