मोहर हे नाव कुणाचं

एक होता राजा. त्याची एक राणी होती, आणि एक मुलगा होता, दौलत. दौलत शिकायला म्हणून बसायचा नाही. गुरुजी आले की खिडकीतून पसार. मनात आलं की करून मोकळा. पण पोर मायाळू, बरं का.

मग राणीला दिवस गेले. त्या वर्षी नगरात नवीनच टूम निघाली होती. बाळ पोटात असतानाच नाव ठरवायचं, आणि असं ठरवायचं की मुलगा झाला तरी चालेल, मुलगी झाली तरी चालेल. कुणी किरण ठरवलं, कुणी निशी. दौलत म्हणाला, “आपण मोहर ठेवू. आंब्याचा मोहर.” राणीला ते फार आवडलं.

पण राजाच्या बहिणीनं, गोजराआत्यानं, नाक मुरडलं. “बाराव्या दिवशी नाव ठेवायचा मान आत्याचा! आणि हे कसलं बाई नाव? ऐकून कळायला नको, परकर शिवायचा की चड्डी ते?”

राणी हसली. “वन्सं, दोन्ही शिवा. एक बाहुलीला होईल.”

मग दौलत रोज आईच्या पोटाशी तोंड नेऊन हाक मारायचा, “मोहर!” की आतून लगेच लाथ बसायची.

मग बाळ आलं. मुलगी झाली. आणि तिसऱ्या दिवशी गेली.

हो रे, गेली. जवळ सरक.

इतक्या लहानग्यांना जाळत नाहीत. नदीकाठच्या मऊ मातीत तिला ठेवलं. घरी आल्यावर तिच्याबद्दल कुणी बोलेना. बारसंच झालं नव्हतं, नाव तरी काय घेणार? पाळणा माळ्यावर गेला. राणी जेवेना, बोलेना.

मग एके दिवशी गोजराआत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “वहिनी, नाव काही वाया गेलं नाही. मुलाला चालतं, मुलीला चालतं. पुढच्या बाळाला ठेवू.”

बोलली मायेनंच. पण दौलतनं पुढ्यातलं ताट भिरकावलं. “ते तिचं आहे!”

“बारशाआधीच गेली रे लेकरा. तिला नाव मिळालंच नाही.”

“मग मी देऊन येतो!”

आणि तसाच अनवाणी निघाला.

आधी गेला नदीकडे. नदी म्हणाली, “माती माझ्या काठाची, पण लेकरू माझ्याकडे नाही. टिटवीला विचार.”

मग गेला टिटवीकडे. टिटवी म्हणाली, “माझी अंडीही पुरात गेली. रानात शेंदूर लावलेले दगड आहेत ना, त्यांच्या मागं सटवाईचं अंगण आहे. तिथं बघ.”

मग गेला सटवाईकडे. सटवाई म्हणजे पाचवीला येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते ती. ती अंगण सारवत होती. पलीकडे लहान लहान पोरं खेळत होती.

“उशीर का केलास?” दौलत तिच्यावर ओरडला. “तिसऱ्या दिवशीच गेली ती!”

सटवाई रागावली नाही. “मी पाचवीलाच येते, बाबा. त्याआधी निघालेली लेकरं इथं खेळतात. कपाळं कोरी, नावं नाहीत. जेवायला कुणाला काय म्हणून हाक मारू? नुसती टाळी वाजवते.”

“माझी बहीण मला परत दे.”

“ते होत नाही.”

दौलत खूप रडला. मग म्हणाला, “मग तिचं नाव तरी तिला देऊ दे.”

“दे. पण इथं दिलेलं नाव इथंच राहतं. तुझ्या घरच्या पाळण्यात ते पुन्हा घालता यायचं नाही.”

“नकोच घालायला.”

मग त्यानं हाक मारली, “मोहर!”

सगळी पोरं खेळतच राहिली. एकच वळली.

दौलत तिच्याजवळ गेला. आत्या करते तसं तिच्या कानात ‘कुर्रर्र’ केलं आणि हळूच नाव सांगितलं. ती खुदकन हसली, आणि पळाली खेळायला. बाकीची पोरं “मोहर, मोहर” करत तिच्यामागं धावली. तिनं काही मागं वळून पाहिलं नाही.

मग दौलत घरी आला. आईच्या मांडीत डोकं खुपसून त्यानं सगळं सांगितलं. राणीनं कितीतरी दिवसांनी तोंड उघडलं. “कशी दिसते रे?”

“तुझ्यासारखी. नाक मात्र आत्याचं.”

तेव्हा गोजराआत्याच हुंदके देऊन रडायला लागली. मग राणीही रडली. मग तिघांनी एका ताटात दहीभात खाल्ला.

पुढं राणीला मुलगा झाला. आत्यानं बाराव्या दिवशी त्याचं नाव रंगनाथ ठेवलं. आणि कुणी विचारलं, “राणीसाहेब, मुलं किती?” की राणी म्हणायची, “तीन. दौलत, मोहर आणि रंगनाथ.”

मग सगळी सुखात राहिली. सुखात म्हणजे, मधूनच कुणीतरी रडायचं, आणि बाकीची जवळ बसायची.

चला, पांघरुणं ओढा आता. मिटा डोळे.