मास्तरांच्या तळहातावरचा घास

“म्हणजे साळुंकी चालेल, की बुलबुलच पाहिजे?”

पोफळे मास्तरांनी हे विचारलं तेव्हा ठकूआक्का मिरचीच्या आळ्यात पाणी सोडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

“आणि चिमणी आली तर?”

आक्का पुढच्या आळ्याकडं सरकल्या.

“नाही, आधी ठरलेलं बरं. मागून घोळ नको.”

आक्कांनी तांब्या उपडा केला, पदराला हात पुसले आणि मास्तरांकडे असं बघितलं, जसं आपण ऐन उन्हात रस्ता चुकून आलेल्या पाहुण्याकडे बघतो.

“कुणाबी पाखरानं तुझ्या हातावरचं खाऊ दे,” त्या म्हणाल्या. “त्याच घटकेला कानात नाव सांगते.”

आता आक्का कोण, ते सांगतो. गावाबाहेर ओढ्याच्या काठी पेरूची बाग, बागेत शेणानं सारवलेली मठी, आणि मठीत ही म्हातारी. शाळेचं तोंड बघितलेलं नाही. पण चार गावची माणसं मनात काही सललं की तिच्या पायरीवर येऊन बसायची. ज्याच्या कानात ती देवाचं नाव सांगेल तो तिचा झाला, एवढाच तिचा पंथ. बोलायची सगळ्यांशी अरे-तुरे. तालुक्याचा साहेब आला तरी, “बस रे, दमलास.”

आणि मास्तर म्हणजे मोरेश्वर पोफळे. एकतीस वर्षं पोस्टात. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, पेन्शन सुरू. माणूस वाईट नव्हता हो. फक्त जगातली प्रत्येक गोष्ट वजन करून, तिकीट लावून, शिक्का मारूनच पुढं सरकते, असं त्याच्या डोक्यात बसलेलं. पारावर कुणी काही सांगितलं की विचारायचे, “शिक्का आहे का? पोस्टाचा शिक्का पडला की ते खरं. बाकी सगळ्या गप्पा.”

तर या मास्तरांना आक्कांकडून नाव हवं होतं. आणि पाडव्यालाच हवं होतं, कारण तसं त्यांनी गावभर सांगून ठेवलेलं. पाच किलो पेढे सांगितलेले. हलगीवाला सांगितलेला. सगळं पक्कं होतं, फक्त आक्कांना विचारायचं राहिलं होतं.

विचारलं, तेव्हा आक्कांनी ही पाखराची अट घातली.

फाल्गुन सरत आलेला. पांगारा नुसता लाल, पान म्हणून नाही. तांबट सकाळपासून टुकटुक लावायचा. बुलबुलाची जोडी मठीच्या छपरातून काड्या ओढून न्यायची. आक्का फुटक्या माठाच्या बुडात पाणी ठेवायच्या, मूठभर कण्या टाकायच्या, आणि कामाला लागायच्या. पाखरं त्यांच्या पायांतून फिरायची.

मास्तरांना वाटलं, यात काय आहे!

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ते पांगाऱ्याखाली उभे राहिले. कडक इस्त्रीचा सदरा, काळी टोपी, काखेत छत्री, उजव्या तळहातावर बाजरी. डाव्या हातात घड्याळ.

सव्वानऊला ते मठीच्या दारात आले.

“आक्का, एकही नाही.”

“काय करत होतास?”

“वाट बघत होतो.”

“तीबी तीच बघत असतील,” आक्का म्हणाल्या. “तू कवा जातोस त्याची.”

मास्तरांनी चूक शोधली. चूक बाजरीत होती. तिसऱ्या दिवशी ज्वारी आणली, चौथ्या दिवशी डाळिंबाचे दाणे. पाचव्या दिवशी पितळेची ताटली आणली आणि पाखरांना वेळ कळावी म्हणून घंटा वाजवली. ओढ्यापलीकडच्या बाभळीसुद्धा रिकाम्या झाल्या.

मग सातभाई आले. हे पाखरू तुम्ही पाहिलं असेल, मातकट रंगाचं. एकटं कधी येत नाही, सगळी भावकी घेऊन येतं आणि आल्याबरोबर भांडण काढतं. मास्तरांनी त्यांच्यासाठी जमिनीवर दाण्यांची रांग लावली होती, हातापर्यंत. सातभाईंनी ती मधूनच फोडली, एकमेकांच्या अंगावर चढले, खाल्लं, आणि हातापासून वीतभर अंतरावरून परत फिरले.

“ओळीनं! ओळीनं या!” मास्तर ओरडले. “मागचा मागं!”

आक्कांनी मठीत तोंडाला पदर लावला.

“हसताय तुम्ही,” मास्तर कळवळून म्हणाले. “पाडवा शनिवारी आलाय. पेढेवाल्याला काय सांगू?”

“गोड कर म्हणावं.”

मंगळवारी मात्र खरंच एक पाखरू आलं.

मास्तर घामाघूम होऊन उभे होते. हातावर भाताचं शीत. तेवढ्यात पंखांची फडफड झाली आणि मनगटावर नख्या टेकल्या. मास्तरांचा जीव कानांत गोळा झाला. हळूच एक डोळा उघडून बघितलं.

कावळा!

काळाभोर, मान तिरपी करून शिताकडे बघत बसलेला.

“हाड! हाड मेल्या!” मास्तरांनी हात असा झटकला की शीत एकीकडे, घड्याळ एकीकडे. कावळा उडाला, पण उडता उडता त्याचा पंख टोपीला लागून गेला. टोपी खाली. मास्तर पांढरेफटक.

“आला हुता की,” आक्का म्हणाल्या.

“आक्का, तो कावळा होता!”

“मग?”

“डोक्याला शिवला! जित्या माणसाच्या डोक्याला!”

आक्कांनी टोपी उचलली, झटकली आणि त्यांच्या हातात दिली. मास्तर जे निघाले ते थेट घरी.

आमच्याकडं काय आहे, कावळा डोक्याला शिवला म्हणजे मरण जवळ आलं म्हणतात. त्याला उताराही आहे. आपण मेल्याची खोटी बातमी नातेवाइकांना धाडायची. ते रडले की मरणाची भरपाई झाली. मग दुसरं पत्र टाकायचं, की काळजी नसावी, जिवंत आहे. हे काम दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतात. पण मास्तर दुसऱ्याच्या हातचं पत्र पोस्टात कसं टाकतील? शुद्धलेखन कोण बघणार?

तर त्यांनी स्वतःच कार्ड घेतलं. मरणाच्या पत्राला करतात तसं, वर श्री घातला नाही, कोपरा फाडला. कराडला धाकटी बहीण गोदूताई, तिच्या नावे लिहिलं. आणि मनात हिशोब केला : पहिलं कार्ड गुरुवारी पोचेल, दुसरं शुक्रवारी. मधे एक रात्र रडणं. पुरे.

एवढंच त्यांच्या लक्षात आलं नाही, की बहीण घरात बसून रडणाऱ्यातली नव्हती.

शुक्रवारी दुपारी मास्तर पांगाऱ्याखाली उभे होते. शेवटचा दिवस. सदऱ्याची इस्त्री गेलेली, छत्री घरीच राहिलेली. तोच ओढ्याकडून हंबरडा ऐकू आला.

“दादा रेऽऽ! माझ्या दादाऽऽ!”

पुढं गोदूताई, पदर सावरत. मागं तिचा नवरा, दाजी, डोक्यावर फडक्यात बांधलेलं पिठलं-भाकरीचं गाठोडं घेऊन. ज्या घरात मरण झालं तिथं चूल पेटत नाही, म्हणून पाहुणे ते घेऊन जातात ना, ते. घराला कुलूप दिसल्यावर कुणीतरी त्यांना सांगितलं असणार, की मास्तर बागेत आहेत. त्यांना वाटलं, इथंच अग्नी दिलाय.

गोदूताईनं बघितलं. दादा उभा. हात पुढं केलेला.

ती मटकन खालीच बसली.

“गोदे, अगं मी...” मास्तर म्हणाले. “दुसरं पत्र आजच्या टपालात आहे!”

“आग लागो त्या टपालाला!” गोदूताई उठली. “कालपास्नं पाण्याचा घोट नाही घेतला मी! आणि तू इथं हात पसरून उभा? भीक मागतोस?”

“मला एष्टीतच शंका आली होती,” दाजी गाठोडं उतरवत म्हणाले. त्यांनी खिशातून कार्ड काढलं आणि आक्कांना वाचून दाखवलं. “‘मोरेश्वर गणेश पोफळे आज सकाळी वारले. कळावे. आपला, मो. ग. पोफळे, निवृत्त पोस्टमास्तर.’ खाली सही ह्यांचीच. पण माझं लक्ष जाईपर्यंत हिनं अख्खी एष्टी रडवली होती. कंडक्टरसुद्धा.”

मास्तर मान खाली घालून म्हणाले, “सवयीनं झाली सही.”

आक्का उठल्या. कार्ड हातात घेऊन त्यांनी उलटंसुलटं केलं. वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ बघितलं.

“यावर शिक्का हाय का रे, मास्तर?”

“आहे.”

“पोस्टाचा?”

“पोस्टाचाच.”

“मग खरं.”

“काय खरं?”

“मेलास की तू,” आक्का म्हणाल्या. “बस खाली.”

“आक्का, अहो...”

“मेलेली माणसं बोलत न्हाईत.”

एकतीस वर्षं मास्तरांनी जे पारावर सांगितलं तेच पुढं आलेलं, आता त्याला काय म्हणणार? ते पांगाऱ्याला टेकून बसले. आक्कांनी गाठोडं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर पिठलं घातलं आणि तो घास मास्तरांच्या तळहातावर ठेवून हात त्यांच्या मांडीवर टेकवला.

मग सगळे लांब जाऊन बसले, आणि आक्कांनी पाहुण्यांना नावाची आणि पाखराची अट सांगितली.

तो मंगळवारचा कावळा फांदीवर होताच. खाली उतरला. दोन उड्या मारून थांबला. घासाकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं, आणि मागं सरकला.

गोदूताईनं असे कावळे पुष्कळ पाहिलेले. आईच्या दहाव्याला, वडलांच्या, म्हणजे नानांच्या दहाव्याला. कावळा घासाला शिवत नाही म्हणजे गेलेल्याचं काहीतरी मागं अडकलंय, आणि जवळच्यांनी शब्द द्यायचा असतो. तिचे हात आपोआप जोडले गेले.

“दादा, तुझ्या सायकलीची काळजी करू नको. ह्यांना हात लावू देणार नाही मी.”

“मी कधी मागितली?” दाजी म्हणाले.

“गप्प बसा. दादा, वहिनीची तुळस मी नेईन. रोज पाणी घालीन.”

कावळा हलला नाही...

मास्तर हलले नाहीत.

मग गोदूताई एकदम म्हणाली, “दादा, नानांचं घड्याळ मीच फोडलं होतं रे. तुझ्या दप्तरात मीच ठेवलं. तुला नानांनी दिवसभर उपाशी ठेवलं होतं, आणि मी... मी तुझ्या वाटणीचीसुद्धा पोळी खाल्ली.”

बावन्न वर्षं! बावन्न वर्षं मास्तर हा खटला मनात चालवत होते. कुणी फोडलं, दप्तरात कसं आलं, कुणाचा जबाब घ्यायचा राहिला. गोदूच्या लग्नात अक्षता टाकतानासुद्धा त्यांच्या मनात तेच होतं.

मास्तरांची बोटं मिटायला लागली. दाजींना वाटलं, आता उठतात.

आणि मग काय झालं कोण जाणे. बोटं पुन्हा उघडली. मास्तरांच्या मिश्या थरथरल्या, पोट हललं. मेलेला माणूस मिटल्या तोंडानं हसत होता, आणि डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

कावळा आला. मनगटावर चढला. घासात चोच घातली, पिठलं बाजूला सारलं, भाकरी खाल्ली, मग परत येऊन पिठलंही खाल्लं. मागून एक सातभाई आला, आणि मग त्याची सगळी भावकी. मांडीवर, चपलेवर, सांडलेल्या चुऱ्यावर नुसता गोंधळ. कुणाची म्हणून ओळ नव्हती.

मास्तरांनी कुणालाही मागं लोटलं नाही.

आक्का कधी उठल्या ते कळलं नाही. त्या पाखरांमधून चालत गेल्या, एकही उडालं नाही. मास्तरांच्या कानाशी वाकल्या. काहीतरी म्हणाल्या. जांभई द्यायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही.

हलगी नाही, पेढे नाहीत. पाडवा तर दुसऱ्या दिवशी.

मास्तर तसेच बसून राहिले. पुन्हा विचारलं नाही, लिहून मागितलं नाही.

“दिलं?” गोदूताईनं डोळे पुसत विचारलं.

“दिलं,” आक्का म्हणाल्या.

दाजी मात्र अस्वस्थ झाले होते. सरकत सरकत ते आक्कांजवळ आले आणि हळूच म्हणाले, “आक्का, अट पाखराची होती हे कळलं. पण कावळा... कावळा चालतो का?”

आक्कांनी उरलेली भाकरी त्यांच्या हातावर ठेवली.

“मला काय इचारतोस? त्या कावळ्याला इचार, मास्तर चालला का.”