केरबाचा शेवटचा बार

आगगाडी अजून घाटाखालीच थांबायची, त्या काळातली ही गोष्ट. आंबेघोल गावात केरबा नावाचा उखळी उडवणारा होता. लोखंडी उखळीत दारू ठासून तो वात पेटवायचा, की पलीकडच्या गावातली पाखरं उडायची. असं म्हणतात, केरबाचा बार झाल्याशिवाय गावात नवरी येत नसे आणि देवाची पालखी हलत नसे.

गावची पोरं समुद्रापलीकडच्या लढाईवर गेली होती. त्यांत केरबाचा शिदाही होता. अखेर लढाई संपली, पोरं येत असल्याचा निरोप आला आणि सगळा गाव वेशीत जमला.

"केरबा, बार फुसका निघाला तर पोरं आल्या पावली माघारी जातील हां!" पाटील म्हणाले.

"माझा ल्योक यायचाय, पाटील. डोंगराच्या कानठळ्या बसतील," केरबा म्हणाला, आणि त्याने मूठभर दारू जास्तच ठासली.

पोरं वळणावर दिसली. केरबाने वात पेटवली.

बार झाला, आणि पोरं दिसेनाशी झाली. सगळी धुळीत पालथी पडली होती, डोकं हातांनी झाकून. वेशीत कुणीतरी हसलं, मग तेही गप्प झालं. शिदा मात्र उठून पळाला, थेट कड्याच्या रानात.

लोक हाका मारत मागे धावले. हाका वाढल्या तसा तो कड्याकडे सरकू लागला.

"वरडू नगा रं!" केरबाने हात जोडले. "माझं पोर खाली जाईल."

करकरणाऱ्या वहाणा काढून तो एकटाच पुढे गेला. आपल्या छातीची धडधडही शिदाला ऐकू जाईल, अशी त्याला भीती वाटत होती. असं म्हणतात, त्या दिवशी त्याच्या पायाखाली पाचोळा वाजला नाही. झाडांवरचे किडे किरकिरायचे थांबले. ओढा दगडांवरून वाहत होता, पण मुक्याने.

शिदा अगदी टोकावर उकिडवा बसला होता. केरबा मागे थोडा दूर बसला. हात पुढे करायचा धीर होईना, कारण हातांना दारूचा वास होता. त्याने ते मातीत पुसले. पुन्हा पुसले. ऊन कललं.

"आबा," शिदा न वळता म्हणाला, "संपली का लढाई?"

"संपली, लेकरा. शेवटचा बार माझाच होता."

तेव्हा कुठे शिदाने बापाकडे हात मागे केला.

बाकीची पोरं वेशीबाहेरच थांबली होती. शिदा आला, तशी सगळी मिळून आत आली. गाव अनवाणी त्यांच्यामागून चालला. केरबाने उखळीत माती भरली.

अजूनही दरवर्षी त्या दिवशी आंबेघोलात फौजेतून परतलेल्यांची मिरवणूक निघते. ताशा नाही, हलगी नाही. बैलांच्या घंटा काढून ठेवतात, बायका बांगड्यांवर पदर गुंडाळतात, म्हातारे सैनिक आपली पदकं वाजू नयेत म्हणून रुमालात बांधतात. वेशीतल्या उखळीत आता झेंडू फुलतो. तिथे मिरवणूक थांबते आणि सगळ्यांत थोरला सैनिक विचारतो, "संपली का?"

"संपली," गाव हळूच म्हणतो.

तो एकदा कड्याकडे बघतो, आणि मग पाऊल आत टाकतो.