वाटेचं तिकीट, वेगाचं तिकीट

एकदा एक तरुण आई तीन वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन जपानातल्या नागोया स्टेशनात शिरली. तेव्हा घड्याळात बरोबर सात वाजून चाळीस मिनिटं झाली होती, आणि तिथूनच या गोष्टीला सुरुवात झाली.

तिचा जीव आधीच थाऱ्यावर नव्हता. काही महिन्यांपूर्वी स्वयंपाकघरात तिच्या हातून पातेलं निसटलं आणि फरशीवर खणखणत गेलं, पण पाठमोरी खेळणारी लेक, शरू, वळलीसुद्धा नाही. गावाहून सासूबाई फोनवर म्हणाल्या, "नसत्या शंका काढू नकोस. आमच्या घरातली पोरं उशिराच बोलतात. एकदा लागली बोलायला की तूच म्हणशील, बाई, आता गप बस." पण आईच्या मनाला ते पटेना. ओसाकाला लहान मुलांचे कान तपासणारे एक जाणते डॉक्टर होते. त्यांची आजची वेळ मोठ्या मिनतवारीने मिळाली होती. ती हुकली की पुढची थेट दिवाळीनंतर.

नवरा तिथल्या एका हॉटेलात आचारी, त्याला रजा मिळेना. त्याने आदल्या दिवशी बुलेट ट्रेनची दोन तिकिटं आणून हातात दिली, "जपून ठेव" म्हणाला आणि कामावर पळाला. सोबतीला येणार होते गुरुजी. हे वृद्ध गृहस्थ तरुणपणी त्या देशात गेले आणि तिथलेच झाले. नव्याने आलेल्या मराठी माणसांना ते दर रविवारी तिथली भाषा शिकवत. सातवीपर्यंत शिकलेली ही आई त्यांची सर्वांत मनापासून शिकणारी आणि सर्वांत घाबरट शिष्या.

तिकिटं दोन आणि प्रवासी दोन. तिने सरळ हिशेब केला, एक आपलं आणि एक लेकीचं. लेकीचं हरवू नये म्हणून तिने ते शरूच्या स्वेटरच्या आतल्या खिशात घातलं आणि वरून सेफ्टी पिन लावली.

फलाटाकडे जाताना यंत्राचं फाटक लागतं. गुरुजी आपली तिकिटं घालून पलीकडे गेले. तिने मागोमाग आपलं एक तिकीट यंत्रात सरकवलं, तसं यंत्र किंचाळलं आणि दोन्ही बाजूंच्या फळ्या धाडकन मिटल्या. मागे माणसांची रांग थबकली.

"दुसरं तिकीट कुठं आहे, पोरी?" पलीकडून गुरुजींनी विचारलं.

"ते शरूचं आहे, गुरुजी. आधी माझं होऊ द्या, मग तिचं घालते ना."

"अगं, शरूचं तिकीटच नसतं. सहा वर्षांखालचं लेकरू मांडीवर बसणार असेल तर त्याला काही पडत नाही. दोन्ही तिकिटं तुझीच आहेत, आणि दोन्ही एकदम घालायची असतात. तुझ्या नवऱ्याने सांगितलं नाही?"

"ते कुठलं सांगतायत!"

"बरंच झालं. नवरे बायकांना नीट सांगायला लागले तर माझी शिकवणी बंद पडेल."

तिला हसू आलं नाही. पिन निघेना, शरू तिच्या हाताला झोंबत रडायला लागली. शेवटी तिथल्या कर्मचाऱ्याने पुढे होऊन पिन सोडवली, दोन्ही तिकिटं एकावर एक ठेवून आत सरकवली आणि फाटक उघडलं. पलीकडे बाहेर आलेली तिची तिकिटं गुरुजींनी उचलून आपल्या खिशात ठेवली. पण ते तिघं जिना चढून फलाटावर आले तेव्हा त्यांच्या गाडीचं शेपूट तेवढं दिसलं.

ती मटकन खाली बसली. आपल्याकडे आरक्षणाची गाडी सुटली की हातात उरते ती रद्दी, हे तिला लहानपणापासून ठाऊक. "गेलं, गुरुजी, सगळं गेलं. गाडी गेली, तिकीट गेलं, डॉक्टरांची वेळ गेली. पुन्हा तिकिटं काढायची ऐपत नाही हो आमची. माझ्या येडेपणापायी पोरीचं नुकसान झालं."

थोड्या वेळाने पुढची गाडी येऊन उभी राहिली. तेव्हा गुरुजींनी शरूला उचललं, फलाटाच्या पुढच्या टोकाशी चालत गेले आणि शांतपणे एका डब्यात चढले.

"अहो गुरुजी! ही आपली गाडी नाही! आपला नंबर वेगळा होता!"

"चढ," गुरुजी दारातून म्हणाले. "लेक माझ्याकडे आहे. तुला आता यावंच लागेल."

ती चढली. दार मिटलं आणि गाडी निघाली. आत बसायला जागा नव्हती, म्हणून ते दाराजवळच उभे राहिले. तिला मात्र काही उमजेना. रस्त्यावर चिटपाखरू नसतानाही लाल दिव्यापाशी थांबणारा हा माणूस, आणि आज विनातिकीट? परमुलखात पकडलं तर दंड कोण भरणार? भर गाडीत सगळ्यांदेखत उतरवलं तर? एवढ्यात डब्याचं दार सरकलं आणि गणवेशातला तपासनीस आला. तिने लेकीला छातीशी धरलं आणि डोळे मिटून घेतले.

गुरुजींनी सगळी तिकिटं त्याच्यापुढे धरून चार शब्द सांगितले. तपासनिसाने ती पाहिली, परत दिली, कमरेत वाकून नमस्कार केला आणि तो पुढच्या डब्यात निघून गेला.

"त्याला आपली दया आली का, गुरुजी?"

"दया कशाला? आपण काय फुकटे आहोत?" गुरुजींनी तिची दोन्ही तिकिटं तिच्या तळहातावर ठेवली. "नीट बघ. हे पहिलं तिकीट वाटेचं. इथून ओसाकापर्यंतचं अंतर तू कोणत्याही गाडीने काप, याचं मोल द्यावंच लागतं. हे दुसरं आहे जलद जाण्याचं, आणि त्यातच ठरलेल्या गाडीतल्या ठरलेल्या आसनाचं शुल्क धरलेलं असतं. आपली गाडी निघून गेली, तेव्हा तुझं काय गेलं? आसन गेलं. वाट गेली नाही, वेगही गेला नाही. त्याच दिवशीच्या पुढच्या गाडीत बिनआरक्षणाच्या डब्यातून जायला हा देश मुभा देतो. जागा मिळाली तर बसावं, नाही तर उभं राहावं. तू मात्र आसनाबरोबर वाट आणि वेगही टाकून देऊन खाली बसलीस. पोरी, संकट एक भाग घेऊन जातं. उरलेले भाग भयापोटी आपणच त्याच्या पदरात घालतो."

तिने दोन्ही तिकिटं उलटसुलट करून पाहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मी उगाच रडले."

"आसनासाठी रडलीस ते उगाच नाही. पाय दुखतायतच की माझेही!"

आता मात्र तिला हसू फुटलं.

ते वेळेत पोहोचले. तपासणी लांबली. शेवटी डॉक्टर जपानी भाषेत सावकाश बोलले आणि गुरुजींनी मराठीत सांगितलं, "शरूच्या दोन्ही कानांत दोष आहे. तो आपोआप बरा होणारा नाही."

तिचा हात पदराकडे गेला, पण वाटेतच थांबला. ती म्हणाली, "गुरुजी, त्यांना एवढं विचारा. काय गेलंय, आणि काय अजून आहे?"

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं, मग बराच वेळ समजावून सांगितलं. तीक्ष्ण, उंच आवाज शरूपर्यंत पोहोचत नाहीत. जाड, खर्जातले आवाज पोहोचतात. यंत्र लावलं आणि आतापासून शिकवलं, तर ती बोलेल.

आई उठली आणि लेकीच्या पाठीशी जाऊन बसली. इतके महिने ती काळजीने चढलेल्या, चिरक्या आवाजात हाका मारत आली होती. आता तिने श्वास खाली सोडला आणि जात्यावर बसल्यासारख्या जाडसर, संथ आवाजात म्हटलं, "शरू."

लेकीने मान वळवली.

आपलंही काही हुकलं, तर सगळं गेलं असं म्हणण्याआधी काय उरलंय ते विचारावं. आणि तुमच्या ओळखीचं कुणी लेकराला घेऊन त्या देशी निघालं असेल, तर त्यांना आमचा एवढा निरोप द्या: दोन्ही तिकिटं एकत्र घाला, गाडी सुटली तर तिकीट फेकू नका, मोठ्या सुट्ट्यांत नियम बदलतात म्हणून खिडकीवर विचारून घ्या. आणि विचारायला लाजू नका, हेही सांगा.