टॉवर आणि मुक्कामाची एसटी

डोंगरावर मोबाइलचा पहिला टॉवर उभा राहिला, त्या काळची गोष्ट. खाली गावात रोज संध्याकाळी मुक्कामाची एसटी यायची. हौसाक्का तिच्या ड्रायव्हरला भाकरी-कालवण द्यायची आणि सकाळी त्याच गाडीतून तालुक्याला दिलेल्या लेकीला, सुमनला, डबा पाठवायची.

एके वर्षी सरकारने टॉवरचा कर माफ केला आणि गाडीचं अनुदान बंद केलं.

"वाईट वाटून घेऊ नकोस," टॉवर एसटीला म्हणाला. "मी घरबसल्या सगळ्यांचं बोलणं करून देईन. मग कुणी कुठं जायचंच कशाला?"

"बोलणं पोचव बाबा," एसटी म्हणाली. "पण माणसाला माणूस जवळ लागतं रे." आणि ती गेली ती गेलीच.

थंडीत हौसाक्का तापाने फणफणली. सुमनचा फोन लगेच लागला, आवाजही अगदी स्वच्छ.

"आये, सकाळपासनं फाट्यावर उभी हाय. गावाकडं गाडीच न्हाई गं."

"असू दे बाई. तू बोलत ऱ्हा."

सुमन बोलत राहिली. बोलता बोलता पलीकडून हुंकार यायचे थांबले.

"आये? आये गं?"

टॉवरने ती हाक पुन्हा पुन्हा घरात पोचवली. मग तो रस्त्याकडे बघू लागला, एसटीचा दिवा दिसतो का म्हणून.