कुंदाचा अर्ज

एक होतं आमचं गाव. गावाला एक वाचनालय, वाचनालयाला एकच माणूस, दामूअण्णा कोठावळे. आणि अण्णांची एक शिष्या, कुंदा. बाप नव्हता. आई शेवंता लोकांचे पापड लाटून घर चालवायची.

आता त्या वाचनालयाला कुलूप आहे. खळीचा आणि जुन्या कागदांचा तो वास मात्र मला अजून येतो.

"यात काय कमी आहे, अण्णा?"

कुंदानं टाइप केलेली तीन पानं पुढ्यात ठेवली. तालुक्याच्या वाचनालयात सहायकाची जागा निघाली होती. अर्जाला दोन दिवस उरले होते. नोकरी लागली तर शेवंताचं लाटणं सुटणार होतं.

अण्णांनी वाचलं. पानं उलटी केली.

"कागद छान आहे. मागून कोरा आहे."

"अण्णा..."

"ध्येयवादी, कणखर नेतृत्व... हे कोण?"

"मीच. टायपिंगवाल्याकडे नमुना होता."

"मग नोकरी त्यालाच लागेल. आणि हे? अनुभवापुढे 'नाही'?"

"नाहीच. सुट्टीत इथे येते तेवढंच."

अण्णांनी खळीची वाटी आणि एक फाटकं पुस्तक तिच्यापुढे सरकवलं. ती पानं चिकटवू लागली.

"आता हे शिपायाचं काम अर्जात लिहू का? बी.ए.ला पहिला वर्ग आहे मला."



तेवढ्यात मी तिथे पुस्तक न्यायला गेले. मला अक्षर येत नाही, सून वाचून दाखवायची. पुस्तकाचं नाव कुठलं आठवायला?

"अण्णा, ते द्या. त्यात ती बाई विहिरीवर रुसून बसते बघा."

अण्णा जागचे हलले नाहीत. कुंदाकडे बघत राहिले.

तिनं मानही वर केली नाही. "दुसरं कपाट, खालचा खण, हिरवा पुठ्ठा. पण आजी, ते तुम्ही आषाढात नेलं होतं. त्याच्या शेजारचं न्या. त्यातली सासू तुमच्या सुनेला आवडेल."

"आणि मला?"

"तुम्हाला झोंबेल."

अण्णा हळूच म्हणाले, "हे कितव्या पानावर लिहिलंयस?"

कुंदाचे हात थांबले...

तिनं नवा अर्ज हातानं लिहिला. एकच पान. सात वर्षांच्या सुट्ट्यांत किती पुस्तकं चिकटवली, किती शिवली, नाव न आठवणाऱ्यांना पुस्तक कसं शोधून दिलं, एवढंच. पहिला वर्ग शेवटच्या ओळीत गेला.

महिन्याभरानं नेमणुकीचं पत्र आलं. शेवंतानं लोकांचं पीठ परत केलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्या घरचे पापड तळले.

कुंदा कामाला लागली त्या सकाळी अण्णा यष्टीनं तालुक्याला गेले. मीही होते बरोबर. चपला बाहेर काढून ते रांगेत उभे राहिले. कुंदा टेबलामागून धावत आली, पाया पडायला वाकली.

"अण्णा, तुम्ही रांगेत कशाला? आत खुर्चीवर बसा."

अण्णांनी पाय मागे घेतले.

"बाई, मला सभासद व्हायचंय. फॉर्म कुठे मिळतो?"