घरी न्यायची बकरी

“नियमांत माझं कुठं चुकलं, बाबा?”

भैरवगिरी बाबा नदीकाठच्या मठाच्या ओट्यावर बसले होते. समोर दगडात कोरलेला वाघ-बकरीचा पट, त्यावर झिजलेले खडे.

सुमेधानं आपली सागवानी पेटी उघडली. परदेशातली नोकरी सोडून, जुने पटखेळ नव्या पोरांच्या हाती द्यायचे म्हणून ती आली होती. शाळाशाळांतून पेट्या वाटल्या. पोरं एकदा खेळली आणि पेट्या फळीवर गेल्या. आता तिनं परतीचं तिकीट काढलं होतं.

“पेटी झकास आहे,” बाबा म्हणाले.

“मग एक डाव खेळता माझ्याशी? तुमच्याच पटावर?”

“थांब. एक बकरी यायचीय.”

“खडाच ना? नदीत हवे तेवढे पडलेत.”

“पडलेत खरे…”

बाबा हलले नाहीत.

ऊन ओट्यावर चढलं, तेव्हा वस्तीवरची चंद्रभागाबाई धापा टाकत आली. पदराची गाठ सोडून तिनं एक खडा पटावर ठेवला.

“काल गुडघा धरला होता, बुवा.”

“वाघाला उपाशी ठेवलंस की.”

“मेल्याचं पोट भरलंय कधी?”

सुमेधा बघतच राहिली. “खडा तुमच्याकडं कसा?”

“परवा हरले ना! हरंल त्यानं एक बकरी घरी न्यायची. पुढच्या डावाला आणायची. त्याबिगर डाव मांडत न्हाईत हितं.”

सुमेधानं पेटीकडं पाहिलं. प्रत्येक सोंगटीला मापाची खाच होती. झाकणावर तिनंच लिहिलेला शेवटचा नियम होता: खेळ संपल्यावर सर्व सोंगट्या मोजून पेटीत ठेवाव्यात.

तिनं पेटी मिटली आणि पटाशी बसली. बकऱ्या तिच्या, वाघ बाबांचे.

“डावीकडं बघ गं, बाई,” चंद्रभागाबाई कळवळली. “गेली! शिकलीस तरी काय तिकडं?”

सुमेधा हसली. कितीतरी दिवसांनी हसली. आणि हरली.

बाबांनी तोच खडा उचलून तिच्या तळहातावर ठेवला. उन्हानं कोमट झाला होता…

तिनं दोघांना वाकून नमस्कार केला, ओढणीच्या टोकाला खडा गाठ मारून बांधला.

“बाबा… शनिवारी माझं विमान आहे.”

बाबा उरलेले खडे पटावर मांडू लागले. एक घर रिकामं राहिलं.

“खुशाल जा,” ते म्हणाले. “वाघ बसलाय इथं.”